नकाराची भीती मोजणारी १८ प्रसंगांची प्रश्नावली: खान्देशातल्या तरुण जोडप्यांसाठी परीक्षण

आधी निकाल सांगतो. 'रिजेक्शन सेन्सिटिव्हिटी क्वेश्चनेअर', म्हणजे जिला सगळे आरएसक्यू म्हणतात ती प्रश्नावली, विशी-पंचविशीतल्या जोडप्यांनी एकदा तरी भरावी. पैसे लागत नाहीत, प्रत इंटरनेटवर मिळते, आणि शांतपणे भरली तरी वीस-पंचवीस मिनिटांत होते. फक्त शेवटी जो एक आकडा निघतो त्याच्यासाठी भरू नका. या प्रश्नावलीचा खरा उपयोग तिच्या एकेका ओळीत आहे, सरासरीत नाही. आणि लोक नेमकी सरासरी काढून ओळी विसरतात.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी १९९६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं असं की काही माणसं नकाराची धास्ती मनात घेऊनच वावरतात. समोरच्याच्या साध्या वागण्यातही त्यांना नकार चटकन दिसतो, आणि दिसला की प्रसंग एवढासा असला तरी ती फार पेटतात किंवा फार मिटून जातात. याच अभ्यासात एक प्रयोग होता. अनोळखी व्यक्तीशी गप्पांचा एक टप्पा झाल्यावर काहींना सांगितलं की समोरच्याला पुढे बोलायचं नाही, आणि काहींना सांगितलं की वेळ संपला. धास्ती जास्त असलेल्यांना पहिल्या निरोपाने जास्त लागलं. वेळेचं कारण मिळालेल्यांमध्ये मात्र धास्ती जास्त असो की कमी, फरक दिसला नाही. जोडप्यांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी पुष्कळ आहे: नुसतं 'आज नाही' म्हणण्यापेक्षा 'आज नाही, कारण उद्या सकाळी ड्युटी आहे' म्हणावं.

समाधानाबद्दल या संशोधनाने जे दाखवलं ते जास्त महत्त्वाचं. नकाराची भीती असलेली व्यक्ती स्वतः तर नात्यात कमी समाधानी असतेच, तिचा जोडीदारही कमी समाधानी असतो. याचं कारण भीतीतून येणाऱ्या वागण्यात सापडलं. मुलांमध्ये संशय आणि मत्सर, मुलींमध्ये वैरभावाने वागणं आणि आधार काढून घेणं. १९९८ मध्ये डाउनी आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांकडून चार आठवडे रोज नोंदी करून घेतल्या आणि वर्षाने पुन्हा चौकशी केली. मुलीची धास्ती जास्त असलेल्या जोडप्यांपैकी ४४ टक्के तोवर वेगळी झाली होती, कमी असलेल्यांपैकी १५ टक्के. मुलाच्या धास्तीप्रमाणे पाहिलं तर हेच आकडे ४२ आणि १५ होते. भांडणाच्या विषयावर दोघांना समोरासमोर बोलायला बसवलं तेव्हा धास्तावलेल्या मुलींचं बोलणं जास्त बोचरं होतं, आणि त्यांचे जोडीदार त्यानंतर जास्त रागावलेले होते. म्हणजे ज्याची भीती तेच हाताने ओढवून घेतलं गेलं. मुलांच्या बाबतीत मात्र ही साखळी तशी सापडली नाही, हेही सांगायला हवं. हे सगळं अमेरिकन विद्यार्थ्यांवरचं काम आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे जळगावला चिकटवू नयेत. साखळी कशी चालते ते मात्र इथेही ओळखू येतं.

आता प्रश्नावली उघडू. १८ प्रसंग आहेत आणि प्रत्येकात तुम्ही कुणाकडे तरी काहीतरी मागता. वर्गातल्या कुणाकडे नोट्स, आईवडिलांकडे जादा पैसे, मैत्रिणीकडे मोठी मदत, जोडीदाराकडे वेळ. प्रत्येक प्रसंगाखाली दोन प्रश्न. पहिला: समोरचा काय म्हणेल याची तुम्हाला किती काळजी वाटेल? १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे खूप. दुसरा: समोरचा हो म्हणण्याची शक्यता किती? इथेही १ ते ६, आणि ६ म्हणजे नक्की हो. शक्यतेचा आकडा ७ मधून वजा करायचा आणि जे उरेल त्याला काळजीच्या आकड्याने गुणायचं. समजा नोट्स मागताना काळजी २ आणि होकाराची शक्यता ५. सातातून पाच गेले, दोन उरले. दोन दुणे चार, हा त्या ओळीचा गुण. जोडीदाराकडे वेळ मागताना काळजी ५ आणि शक्यता २ असेल तर पाचा पाचा पंचवीस. अशा १८ ओळींची बेरीज करून १८ ने भागलं की सरासरी मिळते. ती १ ते ३६ च्या मध्ये कुठेतरी येते. कोणत्या आकड्याच्या वर 'आजार' आणि खाली 'ठीक' अशी रेघ या प्रश्नावलीत नाही. ऑनलाइन कुणी तशी रेघ मारून दाखवत असेल तर ती त्याच्या पदरची समजा.

हिशेबात दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे वजाबाकी विसरणं. काळजी ५ आणि शक्यता ६ असलेल्या ओळीचा बरोबर गुण ५ आहे. वजाबाकी विसरली की तोच ३० होतो आणि होकाराची खात्री असलेलं माणूस कागदावर सगळ्यात धास्तावलेलं ठरतं. दुसरी चूक म्हणजे काळजीच्या सगळ्या आकड्यांची आधी सरासरी, शक्यतेची आधी सरासरी, आणि मग एकच गुणाकार. दोनच ओळी घेऊन बघा: एकीत दोन्ही उत्तरं ६, दुसरीत दोन्ही १. ओळीवार गुणाकार केला तर दोन्हींचे गुण ६ आणि सरासरी ६. आधी सरासरी काढली तर साडेतीन गुणिले साडेतीन, म्हणजे १२.२५. उत्तरं तीच आणि धास्ती दुप्पट. म्हणून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर घाईने करू नका. प्रत्येक ओळीसमोर पेनाने गुण लिहा, नंतर तेच गुण कामी येतात.

याच उदाहरणात प्रश्नावलीची एक मोठी मर्यादा लपली आहे. काळजी ६, होकाराची खात्री ६: गुण ६. काळजी १, होकाराची शक्यताही १: गुण तोच ६. पहिल्या माणसाला नात्याची ओढ आहे आणि विश्वासही आहे. दुसऱ्याने नकार गृहीत धरून मन काढून घेतलंय. 'आला तर आला, नाही तर नाही, मला काय फरक पडतो' असं जो म्हणतो तो हा. सरासरीत दोघं सारखेच दिसतात. नात्यासाठी मात्र दुसरी ओळ जास्त चिंतेची, कारण काळजी वाटणारं माणूस निदान मागतं तरी, या माणसाने मागणंच सोडलेलं असतं. म्हणून गुण बघण्याआधी दोन्ही स्तंभ वेगवेगळे वाचा. जोडीदाराबद्दलच्या ओळींत दोन्ही आकडे १-२ असतील तर गुण कमी आला म्हणून खूश होऊ नका.

खान्देशात ही प्रश्नावली कितपत बसते? बऱ्यापैकी, पण डागडुजी करून. नोट्स, सरांना शंका विचारणं, शिक्षण संपल्यावर नोकरी नाही म्हणून काही दिवस घरीच राहू का असं विचारणं, दुखावलेल्या मित्राशी पुन्हा बोलायला जाणं, हे धुळ्यात, शहाद्यात, भुसावळात जसंच्या तसं लागू आहे. जोडीदाराला 'माझ्याबरोबर राहायला ये' म्हणण्याचा प्रसंग मात्र इथे बहुतेकांच्या आयुष्यात येत नाही. ती ओळ लोक हवेत भरतात. तिच्या जागी 'आपल्याबद्दल तुझ्या घरी सांग, असं तुम्ही जोडीदाराला म्हणता' हा प्रसंग घाला. वसंतातल्या सुट्टीत मित्राला सहलीला चल म्हणायचं तिथे तोरणमाळची सहल घ्या. पार्टीत अनोळखी व्यक्तीला नाचायला विचारायचं तिथे नवरात्रातला गरबा चालतो. असे बदल केल्यावर तुमच्या सरासरीची परदेशातल्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. ती करायची गरजही नाही. घरात अहिराणी किंवा लेवा बोलली जात असेल तर प्रसंग त्याच बोलीत मोठ्याने वाचा आणि मग आकडा लिहा. 'तुना मनमा काय शे' असं जे भांडताना विचारलं जातं, त्याचं उत्तर पुस्तकी भाषेत लवकर सापडत नाही.

एका ओळीपाशी जरा थांबायला हवं. जोडीदाराला आईवडिलांना भेटायला घरी बोलावण्याचा प्रसंग आहे. मूळ प्रश्न विचारतो की जोडीदाराला यावंसं वाटेल का. इथली मुलं-मुली मात्र उत्तर आईवडिलांचं लिहितात, जात वेगळी असेल तर हमखास. काळजी ६, शक्यता १, गुण ३६, आणि त्या एका ओळीने सरासरी चढते. ही नकाराची अवाजवी धास्ती नव्हे. घरचे नाही म्हणतील हा अंदाज बऱ्याचदा अगदी बरोबर असतो, आणि बरोबर अंदाजाला मनाचा दोष म्हणणं अन्याय आहे. त्या ओळीवर पेनाने लिहा, 'जोडीदार यायला तयार होईल का, एवढंच.' घरच्यांच्या विरोधाचा वेगळा कागद करा. विरोध नक्की कुणाचा, वडिलांचा की काकांचा? घरात कुणाचा शब्द चालतो? मामा किंवा आत्यामार्फत बोलता येईल का, आणि कधी? आखाजीला की कानबाईला सगळं घर जमतं तेव्हा विषय काढणं बरं की ती गर्दी टाळणं बरं? हे आखणीचं काम आहे. ते दोघांनी मिळून करायचं असतं. त्यासाठी एकमेकांच्या प्रेमाची परीक्षा घेऊ नये.

मूळ प्रश्नावलीत नसलेली एक ओळ इथल्या प्रत्येकाने स्वतःहून घालावी: 'बाजारात समोर आलात आणि जोडीदाराने ओळख दाखवली नाही.' जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये ती मावशीबरोबर खरेदीला आलीय, तो समोरून येतोय. ती मान खाली घालून पुढे जाते. मेहरूण तलावावर काल दोघं तासभर बोलत बसलेली. नकाराची भीती नसलेला मुलगा समजून घेतो की मावशी बरोबर होती. भीती असलेल्याच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत वेगळंच शिजतं: हिला माझी लाज वाटते, ही मला लपवते, म्हणजे ही मला सोडणार. रात्री फोनवर तो मार्केटचा विषय काढत नाही, नुसतं 'हं', 'ठीक' करत राहतो. तिला कळत नाही काय बिनसलं. तिने विचारलं की 'काही नाही.' दोन दिवसांनी ती वैतागून म्हणते, 'तुझ्याशी बोलणंच अवघड झालंय.' झालं, त्याच्या लेखी पुरावा मिळाला. छोट्या गावांत नातं लपवावं लागतं, त्यामुळे असे दुहेरी अर्थाचे प्रसंग रोज घडतात. खान्देशातल्या जोडप्यांच्या वाट्याला ते मोठ्या शहरांतल्यांपेक्षा जास्त येतात असं आमचं मत आहे. उपाय साधा आहे. ओळखीचं कुणी बरोबर असताना समोर आलो तर काय करायचं हे आधीच ठरवा, आणि नंतर अर्ध्या तासात 'मावशी होती' एवढा मेसेज टाका.

जोडीदाराशी थेट संबंध असलेल्या ओळी पाच आहेत: राहायला ये (किंवा आपली बदललेली ओळ), जोडीदाराचा मित्रांबरोबर बेत असताना 'आज मला वेळ दे' म्हणणं, कडाक्याच्या भांडणानंतर फोन करून 'भेटायचंय' म्हणणं, 'तुझं माझ्यावर खरंच प्रेम आहे का' असं विचारणं, आणि घरी बोलावणं. उरलेल्या १३ ओळींत आईवडील, मित्र, वर्गातले, सर आणि अनोळखी लोक येतात. आधी या पाच ओळींची सरासरी वेगळी काढा, मग तेरांची. दोन्ही जास्त असतील तर भीती जुनी आहे आणि या नात्याआधीपासून चालत आलीय. मग जोडीदाराने कितीही वेळा 'आहे रे बाबा प्रेम' म्हटलं तरी ती भागणार नाही. तेरांची कमी आणि पाचांची जास्त असेल तर आधी या नात्यातच काय घडतंय ते बघा. कदाचित जोडीदार खरोखर अंग काढून घेतोय. भीती वाटणारं माणूस प्रत्येक वेळी चुकीचंच असतं असं नाही.

मित्रांच्या बेताची ओळ पुण्या-सुरतेला नोकरी करणाऱ्यांच्या जोडप्यांत फार बोलकी ठरते. तो चाकणला, ती धुळ्यात. शनिवारी रात्री तो मित्रांबरोबर बाहेर. ती लिहिते, 'ठीक आहे, जा.' या तीन शब्दांत मागणी कुठेच नाही. मग लास्ट सीन बघणं, ब्लू टिक येऊनही उत्तर नाही म्हणून दुसरा मेसेज, तिसरा, मग 'एन्जॉय कर तू'. तो साडेअकराला फोन बघतो तेव्हा त्याला समोर नुसती तक्रार दिसते. प्रश्नावलीतलं माणूस निदान तोंडाने मागतं. आपल्याकडे मागणं वगळून थेट निकाल ऐकवला जातो. म्हणून ही ओळ भरताना स्वतःला आधी विचारा: मी हे खरोखर मागते का, की न मागता त्याने ओळखावं अशी वाट बघते? 'साडेदहाला दहा मिनिटं फोन कर, मग खुशाल बस' हे मागणं झालं. त्याला हो किंवा नाही म्हणता येतं.

दोघांनी मिळून वापरायची असेल तर दोघांनी एकाच दिवशी, वेगवेगळ्या जागी, कागदावर भरा. भांडण झालेल्या दिवशी भरू नका, त्या दिवशी सगळेच आकडे फुगतात. एकमेकांच्या वतीने अंदाज करू नका. भेटल्यावर पूर्ण कागद अदलाबदल करायची गरज नाही. प्रत्येकाने त्या पाचांतली आपली सगळ्यात जास्त गुणांची एक ओळ निवडायची आणि तेवढीच वाचायची. ज्याची ओळ आहे त्याने पाच-सात मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने खुलासा न देता ऐकायचं आणि मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. मग एकच ठरावीक, पाळता येईल अशी मागणी. 'माझ्यावर जास्त प्रेम कर' ही मागणी पाळता येत नाही. 'भांडण झालं तर फोन बंद ठेवायचा नाही, दोन तासांनी बोलू असा मेसेज टाकायचा' ही येते. अर्ध्या तासात थांबा. दोघांच्या ओळी एकाच बैठकीत उरकायचा मोह होतो, तो टाळा. चार आठवड्यांनी फक्त त्या पाच ओळी पुन्हा भरा.

इथे सगळ्यात मोठा धोका असा की आकडा शस्त्र होतो. 'तुझा स्कोअर बघ ना, प्रॉब्लेम तुझ्यातच आहे' हे वाक्य एकदा उच्चारलं की पुढच्या वेळी समोरचा खोटी उत्तरं लिहितो. सरासरी एकमेकांना सांगूच नका. दुसरा धोका शब्दांचा. 'शक्यता किती' याचं उत्तर लोक 'हो म्हणायलाच पाहिजे' या अर्थाने ६ लिहितात. प्रश्न हक्काचा नाही, अंदाजाचा आहे.

नोकरीला लागलेल्यांसाठी १८ ओळींपैकी बऱ्याच कॉलेजच्या असल्याने कंटाळवाण्या ठरतात. त्यांनी २००९ ची नऊ प्रसंगांची प्रौढ आवृत्ती घ्यावी. हिशेब तोच. त्यात 'अलीकडे अंतर जाणवतंय, काही बिनसलंय का' असं जोडीदाराला विचारण्याचा प्रसंग आहे, तो फार चांगला आहे. 'अटॅचमेंट स्टाइल', म्हणजे नात्यात जवळीक साधण्याची पद्धत, सांगणाऱ्या रील्सपेक्षा कुणाला खरी चाचणीच हवी असेल तर ३६ विधानांची 'एक्स्पिरिअन्सेस इन क्लोज रिलेशनशिप्स-रिव्हाइज्ड', थोडक्यात ईसीआर-आर, ही प्रश्नावली आहे. ती जवळिकीची चिंता आणि जवळिकीपासून दूर राहणं हे दोन्ही वेगवेगळं मोजते, म्हणजे वर सांगितलेला सहा-सहाचा गोंधळ तिथे कमी होतो. पण तिची विधानं सर्वसाधारण आहेत. बसून बोलायला प्रसंग लागतात, आणि ते आरएसक्यूत आहेत. सोबत समाधान मोजायचं असेल तर हेंड्रिक यांची १९८८ ची सात प्रश्नांची पट्टी जोडा. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५, आणि चौथा व सातवा प्रश्न उलटा मोजायचा, म्हणजे आलेला आकडा ६ मधून वजा करायचा. पाच ओळींचे गुण उतरले आणि समाधान तिथेच राहिलं, तर नात्याचं दुखणं भीतीत नाही, दुसरीकडे शोधा.

काही जोडप्यांनी ही प्रश्नावली हातातच घेऊ नये. मारहाण, फोनचे पासवर्ड हिसकावणं, 'सोडलंस तर जीव देईन' किंवा 'फोटो व्हायरल करीन' अशा धमक्या असतील तर तिथे 'त्याला नकाराची भीती वाटते म्हणून तो असं वागतो' हे स्पष्टीकरण घातक आहे. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा ११२. भीतीने झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन लागल्यावर भाषा निवडायला सांगतात, आणि बोलताना नाव सांगितलंच पाहिजे अशी अट नाही.